इसार देण्यापूर्वी

प्रगतिपुस्तकावर न वाचता सही करणाऱ्या पालकांना आम्ही आजवर पुष्कळ उपदेश केला. तोच प्रमाद आमच्या हातून घडला, तेव्हा मात्र उपदेश करणारे कोणी जवळ नव्हते.

इंदूरबाहेर एक भूखंड विकाऊ होता. भाव वाढला की विकू, धाकटीच्या शिक्षणाची सोय होईल, असा आमचा हिशेब. विक्रेता ओळखीचा, वाणी गोड. भविष्य निर्वाह निधीतून काढलेले २ लाख रुपये आम्ही इसार म्हणून दिले आणि मग कागद घेऊन वकिलांकडे गेलो.

त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ‘‘मूळ मालक कोण? ते हयात आहेत ना?’’ विक्रेत्यापाशी केवळ मुखत्यारपत्र होते. चौकशीअंती कळले, की ते लिहून देणारे गृहस्थ कधीच निवर्तले होते. मुखत्यारी सामान्यतः देणाऱ्याच्या मृत्यूबरोबरच संपते. शिवाय नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. खसऱ्यातील नावही महसुलापुरते. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

इसार अद्याप परत आलेला नाही. वकिलांची फी त्याच्या पासंगालाही पुरली नसती. सौभाग्यवतींनी एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच अधिक बोचले.

वाचकहो, मालकी, बोजा, डायव्हर्शन यांची छाननी आधी, पैसे मागाहून. तंटा उद्भवल्यावर वकिलांचा उंबरठा झिजविण्यापेक्षा इसारापूर्वी तो एकदा ओलांडावा, हेच शहाणपण.