सव्वा मासा बचनाग

पालमच्या जुन्या घरांतून वैद्याचं बाड येतं ते बहुधा मळक्या रुमालात बांधलेलं. ते ओळखायला मोडी यावीच लागते असं नाही, पानांच्या कडांना लागलेलं तूप-हळदच सांगते. घरचे म्हणतात, "गुरुजी, जरा साफ करून द्या." मी मऊ ब्रशने धूळ तेवढी झाडतो. काजळ-डिंकाची शाई शंभर वर्षांत फिकी पडत नाही, ओल्या फडक्याने मात्र क्षणात जाते. डागांना तर हातच लावत नाही. खलाशेजारी कोणतं पान उघडं असायचं, हे त्यांच्यावरूनच कळतं.

आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेली मोडी सवयीने सुटते. धास्ती असते वजनांची. १ पुढे एक उभी रेघ आली की सव्वा, दोन आल्या की दीड. नेमकी तिथेच कागदाची घडी आली, तर रेघ कुठली आणि भेग कुठली? आठ गुंजांचा मासा, म्हणजे पाव मासा दोन गुंजांचा. सुंठीला तेवढ्याने काही होत नाही. बचनागासारख्या विषाला होतं. अशा वेळी भिंग घेऊन पान उजेडात तिरकं धरायचं. शाई कागदावर बसलेली दिसते, भेगेत सावली पडते. तरी शंका उरली तर तसं लिहून ठेवायचं, अंदाजाने आकडा भरायचा नाही.

बाडावरचं सन बहुधा फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन, एखाद्या वर्षाच्या फरकाने. १३०६ फसली दिसलं की मी थबकतो. त्याच साली, २० ऑगस्ट १८९७ ला, पालम ज्यात होतं त्याच निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्याचे कागद लंडन-ग्लासगोत जपलेले आहेत. हुसेन खान नावाच्या रुग्णाला रॉस डास चावून घेण्याचे पैसे देई, डासामागे एक आणा. आमच्याकडच्या बाडांत व्यवहार उलटा: पुढून काढे आणि मात्रा, मागून उधारी, खळं झाल्यावर मिळायची ज्वारी.

"उधारी कशाला ठेवता? नुसती औषधं उतरवून द्या," असा आग्रह हमखास होतो. पण औषध कितींदा नेलं, मध्येच बदललं का, हे त्या उधारीतच असतं. तिथे गुण आल्याचं कुणी लिहीत नाही. नाव पुन्हा येत नाही, एवढंच. ते बरं झाल्यामुळे की वारल्यामुळे, हे पुढच्या सुगीला ज्वारी कुणी घातली त्यावरून ताडावं लागतं.