पहिली मोटारसायकल आणि युरियाची गोणी

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय.

पुतण्याला अठरा पूर्ण झाली, लर्निंग लायसन निघालं. म्हणतो, "काका, घ्यायची तर पल्सर एनएस २००च."

मी हिशोब मांडला. ती गाडी साधारण १५८ किलो, स्प्लेंडर ११२. फरक ४६ किलोचा, म्हणजे आपली ४५ किलोची युरियाची गोणीच की! गाडी पळताना हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते आमच्या शिरगावात पावसाळ्यात, चिखलाच्या शेतरस्त्यावर गाडी वळवताना, कलली तर सावरताना. नवशिका तिथंच पडतो, आणि सायलेन्सरला पाय भाजतो तो वेगळा.

म्हणून पहिली गाडी घेताना सीसी नंतर विचारा. आधी बसून बघा, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का. गाडी बंद करून हाताने मागे ओढून बघा. मग मागे गोणी बांधून. (शोरूमवाला बांधू देणार नाही, ओळखीतल्या कुणाची तरी तीच गाडी असतेच.)

ब्रेकचंही समजून घ्या. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना बहुतेक सीबीएस असतो. पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण चाक जाम होणं त्याने थांबत नाही, ते काम एबीएसचं. चिखलात ब्रेक हळूच, हँडल सरळ.

पोरगं अजून फुगून बसलंय. भात कापून शेत मोकळं झालं की माझ्या जुन्या गाडीवर तिथंच क्लच-गिअर शिकवणार. तोवर खत मीच आणतो.