वार लावून

माझी भाची न्यू जर्सीत असते. केनियातल्या एका मुलीसाठी ती गेली काही वर्षं दर महिन्याला पैसे पाठवते. वर्षातून दोनदा त्या मुलीचं पत्र येतं, सोबत फोटो येतो आणि तो फ्रिजवर चिकटवला जातो. मागच्या महिन्यात तिने विचारलं, "मावशी, आपल्या लातूर-नांदेडकडे असं एखादं मूल घ्यायचं असेल तर कसं घ्यायचं गं?" मी म्हटलं, आधी तो "घ्यायचं" शब्द बदल, मग बोलू. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, फोनवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. इतर नातेवाइकांनीही वाचावं, कारण शेवटी तुमच्याकडेही काहीतरी मागणार आहे!

परक्या देशातल्या मुलाचं पालकत्व घ्यायची ही रीत बरीच जुनी आहे. १९३७ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं. तेव्हा जॉन लँगडन-डेव्हिस नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने निराधार मुलांसाठी एक कल्पना काढली. एका दात्याने एका मुलाचा खर्च उचलायचा आणि दोघांत पत्रव्यवहार राहायचा. पुढे कोरियाच्या युद्धानंतर ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे १९७९ मध्ये मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर 'क्राय' सुरू केली, हे तुमच्यातल्या पुष्कळांना त्या संस्थेच्या शुभेच्छापत्रांमुळे माहीत असेल.

पण मंडळी, आपल्या मराठी मुलखाला ही गोष्ट नवीन नव्हतीच. आपल्याकडे मुलं वार लावून जेवत.

माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. औसा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून आजोबांनी त्यांना नांदेडला ठेवलं. शाळेत उर्दू, बोलायला मराठी आणि जेवायला सात घरं. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं, असा आठवडा लागलेला. म्हातारपणी वडिलांना सकाळचं आठवत नसे, पण ती सात घरं मात्र वारासकट तोंडपाठ होती. मंगळवारच्या घरच्या काकू आपल्या दोन मुलांच्या मधोमध पाट मांडून त्यांना वाढत. शुक्रवारच्या घरी मागच्या पडवीत पान मांडलं जाई, आणि पाहुणे आले की "हा आमच्याकडे वाराने जेवतो" असं आवर्जून सांगितलं जाई. वडील म्हणायचे, "स्वयंपाक शुक्रवारचाच चांगला असायचा. पण पोट भरायचं मंगळवारी."

हेही सांगायला हवं की ती सात घरं वडिलांना मिळाली त्यात जातीचाही वाटा होता. महारवाड्यातल्या मुलाला कोण वार देणार होतं? ज्यांना घरांतून ताट मिळत नव्हतं त्यांच्यासाठी वसतिगृहंच उभारावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून ती उभी केली. साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. मला वाटतं, मदत एखाद्या घराच्या मर्जीवर अवलंबून असणं आणि मुलाला हक्काची जागा मिळणं, यातला फरक तेव्हाच आपल्या थोर माणसांनी ओळखला होता.

आमच्या भागाला हा प्रश्न पुन्हा पडला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. चार वाजायच्या आत किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगडमातीखाली गेली. माणसं हजारोंनी मेली. जी लेकरं वाचली त्यांचं काय करायचं? भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि त्यांची वर्षानुवर्षं जबाबदारी घेतली. एवढं मोठं काम करायला छाती लागते. लातूरला 'एसओएस'चं बालग्रामही झालं.

तरीही त्या दिवसांत ओट्याओट्यावर वाद होत असे. काही आज्या नातवंडांना सोडायला तयार नव्हत्या. "मायबाप गेले, आता गावबी जाऊ द्यायचं का?" हा एका आजीचा प्रश्न मला अजून ऐकू येतो. त्या आजीचंही बरोबर होतं आणि पुण्याला पाठवणाऱ्या चुलत्यांचंही बरोबर होतं. ज्याचं कोणीच उरलं नाही त्याला संस्था हवीच. पण एखादी आजी, विधवा आई, मामा असं कोणी मायेचं माणूस असेल, तर मूल उचलून नेण्याऐवजी त्या घराला टेकू द्यावा, असं माझं मत तेव्हापासून झालं.

सरकारची बालसंगोपन योजना हेच करते. आई किंवा वडील गेलेल्या, घरच्यांना सांभाळणं जड जाणाऱ्या मुलांना घरातच राहू देऊन अठरा वर्षांपर्यंत मदत देते. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, आणि २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये मिळतात. भाचीबाई, तुझ्या पैशांआधी हे सांगते, कारण कितीतरी बायांना ही योजना ठाऊकच नसते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक एवढं गोळा करून जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्यायचा. निरक्षर आईबरोबर तहसीलला दोन चकरा मारणं हेसुद्धा दान आहे, आणि ते दर महिन्याला फळ देतं.

आता शाळेतला अनुभव. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलींसाठी सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना होती. गावात पालक मिळाले नाहीत की आम्ही शिक्षकच एकेक मुलगी वाटून घेत असू. रक्कम किरकोळ, पण मुलगी शाळेत टिकायची. त्याच काळात एका दानशूर गृहस्थांनी चाळीस दप्तरं वाटली. दप्तरावर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव आणि खाली "गरीब विद्यार्थ्यास सप्रेम भेट". सातवीतला एक मुलगा आठ दिवसांनी ते दप्तर घेऊन आला तेव्हा त्यावर एकही अक्षर नव्हतं. ब्लेडने खरवडून काढलं होतं. कापड दोन ठिकाणी फाटलं होतं, तिथे आईने टाके घातले होते. मी काही विचारलं नाही. मला वडिलांचा शुक्रवार आठवला.

म्हणून केनियाच्या त्या फोटोबद्दलही मनात येतं. पैसे पोचतात, उपयोग होतो, यात शंका नाही. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका संस्थेच्या सहा देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात भारत होता, केनियाही होता. प्रायोजक मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. हे थोडं नाही! पण तीच संस्था परदेशी देणग्यांच्या नियमांमुळे २०१७ मध्ये भारतातून बाहेर पडली आणि सुमारे दीड लाख मुलांची मदत थांबली. नियम बरोबर की चूक या वादात मी पडत नाही. माझ्या डोळ्यांपुढे येते ती पत्राची वाट पाहणारी मुलगी. तिला कोणी काय सांगितलं असेल?

थोडक्यात माझ्या अटी अशा. मुलाकडून आभाराचं पत्र मागू नये, आलं तर आनंद. चेक देताना फोटो काढू नये. आणि एका वर्षापुरतं कोणाचं पालक होऊ नये. बारावीपर्यंत निभणार असेल तरच हात धरावा, नाहीतर चांगल्या संस्थेला सरळ देणगी द्यावी. लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांचं 'सेवालय' आहे. एचआयव्ही असलेल्या, घरच्यांनीही दूर केलेल्या मुलांना त्यांनी तिथे घर दिलं. अशा ठिकाणी "माझं मूल कोणतं?" असं विचारू नये, सगळ्यांच्या भाकरीला हातभार लावावा. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत ८०जी ची सवलत मिळते. शेजारच्या मुलीची फी भरली तर मिळत नाही, आणि न मिळू दे!

आता खरा मुद्दा. मुखेड तालुक्यातली एक मुलगी सहावीपासून माझ्या पेन्शनवर शिकते आहे. वडील नाहीत. ते कसे गेले ते लिहिणार नाही, कारण ती गोष्ट तिची आहे. आई मजुरीला जाते. पहिल्यांदा मी पैसे दिले तेव्हा आई म्हणाली, "बाई, फोटो कवा काढायचा? म्हंजी बरी साडी नेसून येते." आधी कोणीतरी तिला ती सवय लावली होती.

मुलगी यंदा दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला अकरावी सायन्स करायचं आहे, तेही लातूरला. लातूर पॅटर्न तुम्हाला माहीतच आहे. कॉलेजची फी परवडते. खरा खर्च वसतिगृहाचा, मेसचा आणि क्लासचा. तेवढ्या पैशांत तिच्याच गावातल्या चार मुली दहावीपर्यंत शिकतील. चार की एक? गणिताच्या दृष्टीने उत्तर सोपं आहे. आठ दिवस मला नीट झोप लागली नाही.

शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बाई, क्लास नको. होस्टेल आणि कॉलेज एवढंच पुरे. क्लासच्या पैशात माझ्या बहिणीचं बघा." धाकटी आठवीत आहे. मी ठरवलं की दिलेला शब्द मोडायचा नाही. चार मुलींचा हिशोब खरा असला तरी ज्या मुलीला आपण "पुढे शीक" म्हटलं तिला दहावीनंतर अर्ध्या वाटेवर सोडणं हा हिशोब होत नाही. क्लासही लावायचा आणि बहिणीचंही बघायचं. गावातल्या बाकी मुलींच्या आयांचे बालसंगोपनचे अर्ज भरायला मी जून-जुलैत मुखेडला जाणार आहे.

आता मागणं! माझ्या एकटीच्या पेन्शनमध्ये दोघी बसत नाहीत. म्हणून तुम्ही वार द्या. आठवड्यातला एक दिवस एका घराचा, म्हणजे महिन्याच्या खर्चाचा सातवा हिस्सा, दोन वर्षं. सोमवार माझा. मंगळवार नांदेडच्या भावाने आधीच मागून घेतला आहे. भाचीबाई, तुझं पारपत्र अजून भारतीय आहे, त्यामुळे स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तुला गुरुवार ठेवते. उरलेले चार वार मोकळे आहेत. हिशोब दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाठवीन, पै न् पैचा.

फोटो मात्र येणार नाही. कोणता वार कोणाचा हे त्या मुलींना कळणारही नाही. सातही दिवस मंगळवारच समजा.