थाळ, जाते आणि आकाशवाणी

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या काही चुका अशा असतात की, त्या घडतेवेळी चुका म्हणून ओळखूही येत नाहीत. पुष्कळ वर्षे लोटल्यावर एखाद्या निमित्ताने त्या आपल्यापुढे येऊन उभ्या राहतात. अशा आमच्या दोन चुका आज आम्ही विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहोत. दोन्ही गाण्यासंबंधीच्या आहेत, आणि दोहोंतही एका लहानशा रेडिओचा संबंध आहे.

आमचे बालपण नाशकात, शरणपूरच्या बाजूस गेले. घराजवळ पिठाची गिरणी झाली होती; तरी डाळी भरडण्याकरिता आजीने आपले जाते ठेवले होते, आणि जात्याचा खुंटा हाती आला की तिच्या तोंडून ओवी आपोआप निघे. तीत माहेर असे, पाठीराखा भाऊ असे, गोदेचा पूर असे आणि प्रभू येशूचे नावही असे. ख्रिस्ती घराण्यात ओवी कशी, असा प्रश्न कोणी करील, तर त्याने रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे स्मरण करावे. अभंग, भजन आणि कीर्तन ही महाराष्ट्राची स्वतःची वाणी आहे. केवळ परक्या चालींवर मराठी शब्द बसविल्याने उपासना मराठी होत नाही, ही गोष्ट टिळकांनी आपल्या रचनांनी ख्रिस्ती समाजास पटवून दिली. आजीला हा विचार कोणी शिकविला नव्हता. तिच्या आईची चाल तिला येत होती, आणि तेवढे तिला पुरे होते.

आम्ही दहा-अकरा वर्षांचे असू. एके दिवशी सायंकाळी आमच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचे मुंबई केंद्र लागले होते. लोकसंगीताचा कार्यक्रम सुरू झाला आणि खेड्यातील काही स्त्रियांनी जात्यावरची ओवी उचलली. आजी ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली व दाराच्या चौकटीस टेकून उभी राहिली. "अरे, ही तर आपली चाल!" ती म्हणाली, "ह्यांना कोणी सांगितली?" त्या वेळी तिच्या मुखावर जो आनंद होता, तो आम्ही पुन्हा कधी पाहिला नाही. परंतु आम्हांस इंग्लंडात चाललेल्या क्रिकेटच्या सामन्याचे समालोचन ऐकण्याची घाई झाली होती. आम्ही बटण फिरविले. आजी रागावली नाही. "बरं बाळा, ऐक तुझं," एवढे बोलून ती आत गेली. ही आमची पहिली चूक.

आजी वारली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. तिची एकही ओवी आमच्यापाशी ना वहीत आहे, ना ध्वनिफितीवर. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कार्याची माहिती आम्हांस झाली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेडोपाडी हिंडून बायकांच्या तोंडच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात आम्ही आजीच्या ओव्या शोधून पाहिल्या. भाव ओळखीचे भेटले, शब्दही कोठे कोठे जवळचे भेटले. परंतु आजीची ओवी भेटली नाही. भेटणार कशी? ती जिच्या मुखात होती तिच्यापाशी वही घेऊन बसणे हे आमचे काम होते, दुसऱ्या कोणाचे नव्हे.

रेडिओने लोकांची गाणी जपावी अशी अपेक्षा आपण सर्वच करतो, आणि ती गैर नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३६ मध्ये सरकारी नभोवाणीस ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले, आणि पुण्याचे केंद्र १९५३ मध्ये निघाले. ह्या केंद्रांवरून पोवाडे, भारुडे, गोंधळ आणि ओव्या घराघरांत पोहोचल्या. ज्यांनी नाटकगृहाची पायरी कधी चढली नाही, त्यांच्या ओसरीवर शाहिराचा डफ वाजला. हे उपकार लहान नव्हेत.

परंतु केवळ हुकमाने गाण्याची आवड उत्पन्न होत नाही, हेही रेडिओच्याच इतिहासावरून दिसते. १९५२ ते १९६२ ह्या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांस अभिजात संगीताचा फार अभिमान होता. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. हेतू चांगला होता. पण श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली व ती गाणी आकाशवाणीवर परत आली. केंद्र कोणाचेही असो, काटा श्रोत्याच्या हाती असतो. आमच्याही हाती तो होता, आणि आम्ही त्याचे काय केले ते वर सांगितलेच आहे.

मग ह्या कामी रेडिओने आणि श्रोत्यांनी काय करावे? ह्यासंबंधी आयर्लंड देशाचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. तोही देश दीर्घकाळ इंग्रजी अमलाखाली होता, आणि तेथील खेडुतांची भाषा व वाद्ये शहरवासीयांस गावंढळ वाटत. डब्लिन येथे १ जानेवारी १९२६ रोजी नभोवाणी सुरू झाली, तेव्हा तिचे उद्घाटन आयरिश भाषेचे अभिमानी पंडित डग्लस हाइड यांनी केले. पुढे १९४७ साली तेथील रेडिओने ध्वनिमुद्रणाच्या सामग्रीसह फिरते पथक तयार केले व त्या कामावर शेमस एनिस यांस नेमले. एनिस हे स्वतः उत्तम पाइपवादक होते, आणि त्यापूर्वी अनेक वर्षे सायकलवरून हिंडून कागदावर गाणी टिपून घेत असत. वादकांस राजधानीत न बोलाविता हे लोक त्यांच्या दारी जात आणि चुलीपाशी बसून त्यांचे वादन टिपून घेत. गावच्या लोकांस आपल्याच शेजाऱ्याचे फिडल रेडिओवर ऐकू येऊ लागले. १९५१ साली पारंपरिक वादकांची एक संस्था निघाली व तिच्या शाखांतून मुले थोरांपाशी बसून शिकू लागली. रेडिओ वादकाच्या दारी गेला आणि त्यामागून मुलेही गेली. म्हणून ते संगीत जिवंत राहिले. ह्या दोहोंपैकी दुसरी गोष्ट घडली नसती, तर नुसत्या ध्वनिमुद्रिका उरल्या असत्या, असे आम्हांस वाटते.

आता दुसरी चूक. ती आमच्या शिक्षकपणातील आहे, म्हणून अधिक लाजिरवाणी आहे. काही वर्षांपूर्वी वसतिगृहात पेठ तालुक्यातील एक कोकणा मुलगा होता; अबोल, गणितात बरा, शुद्धलेखनात कच्चा. एके रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने आपली ताटली धुऊन पुसून घेतली, तिच्या मध्यावर मेणबत्तीचे मेण लावले, त्यात खराट्याची एक काडी उभी रोवली, आणि त्या काडीवरून बोटे वरून खाली ओढीत तो बसला. ताटलीतून बारीक घुमणारा आवाज येऊ लागला. मुले हसू लागली. आम्ही जवळ गेलो, "जेवणाच्या भांड्याशी खेळतोस?" असे दरडावून काडी मोडून टाकली, आणि त्यास अर्धा तास उभे केले. तो एक शब्दही बोलला नाही.

त्यानंतर दोनअडीच महिन्यांनी, रात्री उत्तरपत्रिका तपाशीत असता, टेबलावरील रेडिओवर आदिवासी भागातील संगीताचा कार्यक्रम लागला. "आता थाळगान ऐका," असे निवेदकाने सांगितले. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने बारीक काडी रोवतात, तिच्यावरून बोटे सारखी ओढतात, आणि त्या अखंड नादाच्या आधाराने कथेकरी देवाधर्माच्या लांबलचक कथा गातो, अशी माहितीही त्याने दिली. मग तो नाद सुरू झाला. तो आम्ही पूर्वी ऐकला होता! आमच्या हातातील तांबडी पेन्सिल तशीच राहिली. ज्यास आम्ही खेळ समजलो, ते त्या मुलाच्या कुळाचे ज्ञान होते. आणि ज्यास आम्ही शिक्षा केली, तो बिचारा घराच्या आठवणीने व्याकूळ होऊन, हाताशी होते त्या ताटलीत आपल्या आजोबांचा थाळ शोधीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यास बोलावून घेतले व आपली चूक कबूल केली.

"काल थाळ रेडिओवर ऐकला. तू त्या रात्री तोच वाजवीत होतास ना?"

"हो सर. माझा आजा वाजवतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलेस?"

तो खाली पाहू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, काल रेडिओवर लागला नसता, तर?"

ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आजीची ओवी रेडिओवर लागली, तरी आम्ही तिची किंमत केली नाही. आणि ह्या मुलाच्या थाळाची किंमत रेडिओने सांगेपर्यंत आम्हांस कळली नाही. दोन्ही वेळी आमचे कान जवळच्या माणसाकडे नव्हते.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनास आम्ही त्याच्या आजोबांस आमंत्रण पाठविले. म्हातारबाबा एस. टी.ने आले, थाळ घोंगडीत गुंडाळलेला होता. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्याकरिता पंधरा मिनिटे ठेविली आहेत असे सांगताच ते हसले व म्हणाले, "गुरुजी, कणसरीची कथा रातभर चालते. पंधरा मिनिटांत ती घराबाहेर पाऊलसुद्धा टाकायची नाही." कणसरी म्हणजे धान्याची देवी. तेव्हा व्यासपीठावर पंधरा मिनिटे झाली, आणि पाहुणे गेल्यावर उरलेली कथा वसतिगृहाच्या दिवाणखान्यात झाली. मिशनच्या शाळेत अशी कथा कशी, असे एका स्नेह्याने आम्हांस विचारले. आम्ही त्यांस म्हणालो की, त्या घरचा मुलगा आम्ही आपल्या घरी ठेवून घेतला आहे. त्याच्या आजोबांची गोष्ट आम्ही बसून ऐकली, तर त्यात आमच्या श्रद्धेस उणेपणा येत नाही. मध्यरात्र उलटली. पुष्कळ मुले झोपी गेली. तो मुलगा मात्र आजोबांच्या मागे बसून झील धरीत होता, आणि त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हांस त्या रात्री प्रथमच कळले.

त्या रात्री आणखी एक गोष्ट ध्यानात आली. रेडिओ गाण्यास मान मिळवून देतो, दूरवर नेतो. परंतु तो त्यास पंधरा मिनिटे देतो. रात्र द्यावयाची ती घरच्यांनी आणि गावानेच.

प्रिय विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आमच्यापेक्षा अधिक साधने आहेत. नाशकास आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. २००६ पासून सामाजिक संस्थांसही आपला लहान रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि आपल्या नाशकातील रेडिओ विश्वास ही त्याची उदाहरणे होत. लोकसंगीताचा कार्यक्रम लागेल तेव्हा काटा फिरवू नका. आवडला तर केंद्रास पत्र लिहून तसे कळवा. श्रोत्यांची पत्रेच आली नाहीत, तर कार्यक्रम कोणाकरिता चालू ठेवावयाचा, असे केंद्रास वाटल्यास त्याचा दोष काय?

आणि पालकहो, आपणांसही एक विनंती आहे. मुलांस सुट्टीत आजोळी पाठवाल तेव्हा बरोबर एक कोरी वही द्या. आजीच्या ओव्या, मामाच्या गावचा गोंधळ, कानबाईची गाणी, बोहाड्याची सोंगे व त्यांची वाद्ये, जे ऐकावयास मिळेल ते त्यांनी लिहून घ्यावे. मोबाइलवर मुद्रित करावयाचे तर आधी परवानगी विचारावी, आणि गाणाऱ्याचे नाव, गाव व दिवस अवश्य नोंदवावा. कारण गाणे पुष्कळांचे असले तरी ते गाणारे माणूस एकच असते. मग वही मिटून ते गाणे त्यांच्यापाशी बसून शिकावे. चुकले तर आजी हसेल, हसू द्यावे.

आमच्या घरी आजीचे जाते अद्याप आहे. आमची मुलगी कधी कधी ते फिरविते आणि विचारते, "आजी काय म्हणत असे?" आम्ही चाल गुणगुणून दाखवितो, शब्द आले की थांबतो. तुमच्या घरी असे होऊ नये, एवढ्याचकरिता हा लेख लिहिला आहे. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा भरलेल्या वह्या आम्हांस दाखवावयास आणा. आम्ही वाट पाहत आहोत.