वेस्टहेड सरांची पळापळ

कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये नाव काढलेला कुणी प्रशिक्षक व्यावसायिक लीगमध्ये आला, की डेन्व्हरला माझ्या लेकीच्या घरी वाद ठरलेला. याची आक्रमणाची पद्धत इथे चालेल का? जावई म्हणतात, "छे! वेस्टहेडचं काय झालं?" आणि नातू, ज्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, तो वेस्टहेडच्या बाजूने भांडतो. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला वाटले, हे कुणी शेजारचे गृहस्थ असावेत. पुढे कळले की हे पॉल वेस्टहेड म्हणजे इंग्रजीचे मास्तर, कॉलेजात शेक्सपिअर शिकवलेले. मग मात्र मी कान टवकारले. आपल्या पेशातला माणूस!

आता नागपूरच्या ताई विचारतील, तुला ग बास्केटबॉलमधले काय कळते? ताई, खेळातले थोडेच कळते. पण एका वर्गात जमलेली पद्धत दुसऱ्या वर्गात नेली की काय होते, ते बत्तीस वर्षे पाहिले आहे.

वेस्टहेड सरांची पद्धत सांगायला सोपी. चेंडू हातात आला की पळत सुटायचे, प्रत्येकाची मैदानावरची वाट ठरलेली, आणि पाच-सात सेकंदांत बास्केटकडे फेक. समोरच्याकडे चेंडू गेला की साऱ्या मैदानभर त्याच्या अंगावर धावून जायचे, म्हणजे त्यानेही घाईघाईत फेकावा. यात त्याला एखादी सोपी बास्केट मिळाली तर मिळू द्यायची. तोही आपल्या वेगात ओढला जातो आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याचे पाय जड होतात, हा सगळा हिशेब.

लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरिमाउंट या लहानशा कॉलेजात हा हिशेब अचूक उतरला. १९८९-९० च्या हंगामात त्या पोरांनी सामन्याला सरासरी १२२.४ गुण केले. त्यांचा हँक गॅदर्स हा उमदा खेळाडू ४ मार्च १९९० रोजी सामना चालू असताना कोसळला आणि गेला. त्यानंतरही संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. बो किंबल हा त्याचा मित्र उजव्या हाताचा, पण गॅदर्सच्या आठवणीसाठी पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकायचा. आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला त्यांनी १४९-११५ असे हरवले आणि शेवटच्या आठांत पोचले. नातवाने किंबलचा तो फ्री थ्रो मला दाखवला, तेव्हा माझ्याने काही वेळ बोलवले नाही.

त्याच वर्षी डेन्व्हर नगेट्सनी सरांना बोलावले. शहर ५२८० फुटांवर, पाहुण्यांना तशीच धाप लागणार. (लागते हो. पहिले आठ दिवस मी दोन जिने चढून मध्येच उभी राहायची.) २ नोव्हेंबर १९९० ला पहिला सामना झाला. गोल्डन स्टेट १६२, डेन्व्हर १५८! आठच दिवसांनी फीनिक्सने त्यांच्याविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच १०७ गुण केले. हंगामाअखेर डेन्व्हरची सरासरी ११९.९ आणि समोरच्यांची १३०.८. वीस विजय, बासष्ट पराभव. लोक चेष्टेने गावाच्या नावातला 'डी' काढून 'एन्व्हर' म्हणू लागले, कारण 'डी' म्हणजे डिफेन्स, तो कुठे दिसेना.

असे का व्हावे? आपल्या खो-खोत पळणारा दमतो आणि पाठलाग करणारे आळीपाळीने उठतात, म्हणून दमवण्याला अर्थ असतो. बास्केटबॉलमध्ये तो जितका पळतो तितके आपल्यालाही पळावे लागते. कॉलेजचा सामना चाळीस मिनिटांचा आणि हंगामात सामने तीसेक. शिवाय तेव्हा तिथे फेकीला ४५ सेकंदांची मुदत होती. संथ खेळायची सवय असलेल्या पोरांवर ही धाड पडली की ती भांबावायची. व्यावसायिक लीगमध्ये मुदतच २४ सेकंदांची, सामना ४८ मिनिटांचा, असे सामने ८२, आणि त्यातले निम्मे परगावी, जिथे डेन्व्हरची विरळ हवा नसते. सोपी बास्केट देऊ केली तर तिथला खेळाडू आभार मानून घेतो. दमला तर बाकावर दुसरा तसाच तयार.

आमच्याकडे एकदा नव्या पद्धतीचा आदर्श पाठ दाखवला होता. वीस निवडक मुले, चाळीस मिनिटे. पाठ खरेच सुंदर झाला. मग फर्मान निघाले, हेच सर्वांनी वर्षभर करायचे. वर्गात मुले पासष्ट! पाठ घेणाऱ्या बाईंची लबाडी नव्हती, फक्त वर्षभराच्या दमाचा हिशेब कुणी केला नव्हता.

तरी जावयांचा निकाल मला पुरता पटत नाही. अॅलेक्स इंग्लिश आणि फॅट लीव्हर हे दोन्ही आधारस्तंभ १९९० मध्येच डेन्व्हरमधून गेले होते. उरलेल्यांत मायकल अॅडम्स हा पाच फूट दहा इंचांचा गडी सामन्याला २६.५ गुण करत होता, त्याच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वाधिक. दुसऱ्या वर्षी पळापळ आवरली, सरासरी शंभराच्या खाली आली, तरी विजय चोवीसच. म्हणजे हळू खेळूनही हरलेच ना? १९९२ मध्ये सरांना निरोप मिळाला. गंमत अशी, की १९८१ मध्ये लेकर्सनी त्यांना काढले तेव्हा मॅजिक जॉन्सन वगैरेंची तक्रार आक्रमण फार साचेबंद आणि संथ झाल्याची होती! त्याच लेकर्सना त्यांनी १९८० मध्ये अजिंक्यपद मिळवून दिले होते.

आणि नातवाचा हुकमी एक्का म्हणजे २००७. सरांनी स्त्रियांच्या व्यावसायिक लीगमध्ये फीनिक्स मर्क्युरीला हीच पळापळ शिकवली आणि अजिंक्यपद जिंकले. दोन्ही लीग जिंकणारे ते पहिले प्रशिक्षक. मी नातवाला विचारले, त्या मुली किती मिनिटे खेळत होत्या रे? चाळीस. आणि हंगामात सामने? चौतीस. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण आजी, त्यांच्याकडे डायना टॉरासीपण होती."

तेही खरेच. जावई मात्र अजून ऐकत नाहीत.