बिजासनचा घाट

आपले पूर्वज नर्मदा ओलांडून माळव्यात आले, त्याच दिशेने आजचा आग्रा-मुंबई महामार्ग उलट खाली जातो. इंदुरातल्या मराठी घरांना त्यामुळे या रस्त्याचे अप्रूप नाही. लग्नकार्य असो वा कुलदेवतेचे दर्शन, मानपूरचा उतार, खलघाटचा पूल, सेंधव्याचा चहा असे टप्पे मोजीत आपण दक्षिणेत उतरतो. वाटेतल्या मालमोटारींकडे आपले लक्ष जाते ते त्या वाट अडवतात तेव्हाच. गेल्या वैशाखात मात्र मी बसने धुळ्यास निघालो, तेव्हा माझ्या मांडीवर एका मालमोटारीवरच्या मुलासाठी दिलेला डबा होता.

डबा शेजारच्या वहिनींचा. त्यांचा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा. ट्रकवर क्लीनर म्हणून राहून त्याला वर्ष होत आले होते. आजोबा गिरणीत होते. ती बंद पडली. वडील दुकानात हिशेब लिहितात. मुलाचे मन पुस्तकात कधी रमले नाही, ते इंजिनात रमले. “मी ट्रक चालवणार,” असे तो म्हणाला तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. “आपल्यात कोणी ड्रायव्हर झाला आहे का?” हा प्रश्न त्या वेळी मीही विचारला होता. आज त्याची लाज वाटते.

हे काम शिकायला काय पडते, याचा हिशेब वहिनींनी मला एकदा मांडून दाखवला होता. अठरा वर्षे पुरी झाल्यावर लहान गाडीचा परवाना. तो मिळून वर्ष उलटल्याखेरीज जड वाहनाचा शिकाऊ परवानाही हाती येत नाही, आणि वीस वर्षे पुरी झाल्यावाचून मालमोटार चालवता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची ही शिस्त योग्यच आहे. पण मधल्या दोन वर्षांत पोटाचे काय, हे कायदा सांगत नाही. शिकवणीची फी, दाखले आणि कचेरीच्या खेपा यांत वहिनींच्या दोन बांगड्या गेल्या. मुलाने क्लीनरकी धरली. टायर ठोकून हवा पाहायची, ताडपत्री आवळायची, गाडी मागे घेताना हाकारायचे, रात्री माल राखीत निजायचे. दोन वेळचे जेवण, थोडा भत्ता आणि उस्तादाची विद्या, एवढीच कमाई.

मानपूरनंतर विंध्याद्री एकाएकी पायाखालून सरकतो आणि निमाडची उष्ण हवा तोंडावर येते. धामनोदला महेश्वरचा फाटा दिसला की अहिल्याबाईंसाठी हात आपोआप जुळतात. खलघाटला नर्मदा ओलांडताना कुणीतरी खिडकीतून नाणे टाकतेच. पुढे ठीकरी, जुलवानिया, सेंधवा; आणि मग सातपुड्यातला बिजासनचा घाट. घाटात देवीचे देऊळ आहे. येथे ट्रक थांबतात, नारळ फुटतात आणि मग गाड्या खाली महाराष्ट्रात उतरतात.

मोबाइलवर ठरल्याप्रमाणे मुलगा देवळापाशी उभा होता. चेहरा रापलेला, हात ग्रीसने काळे. वाकून नमस्कार करीत म्हणाला, “काका, डबा तुम्हीच उघडा. माझे हात खराब आहेत.” बेसनाच्या लाडवांपैकी पहिला त्याने उस्तादाला दिला.

उस्ताद पन्नाशीचे. त्यांची पहिली शिकवण कोणती, असे मी विचारले. उत्तर मुलानेच दिले. “ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. मालक खेपेचं डिझेल ठरवून देतात. वाचेल ते ड्रायव्हरचं. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, पण सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की धरत नाहीत.” उस्तादांनी खाली बोट दाखवले. तिकडे पळासनेर आहे. ४ जुलै २०२३ रोजी तेथे ब्रेक निकामी झालेला ट्रक उपाहारगृहात शिरला आणि किमान दहा माणसे दगावली. जेथे चार पैसे वाचवायचा मोह होतो तेथेच जीव जातो, हे त्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी कळले होते.

बांगड्यांचा हिशेब मांडता येतो. बाकीचा येत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास काम ठरवले होते. उस्तादांच्या उभ्या आयुष्यात तसे दिवस थोडेच आले. मुलाची आजी गेली तेव्हा तो पनवेलजवळ परतीच्या मालाची वाट पाहत होता. घरी पोचला तो दहाव्याला. गेली दिवाळी त्याने एका बंद गोदामाच्या दाराशी काढली.

ज्येष्ठात बहिणीचे लग्न होते. “येशील ना, असे आईने विचारले आहे,” मी म्हणालो. तो क्षणभर गप्प राहिला. “परतीचा माल वेळेवर मिळाला तर येईन, असं सांगा, काका. नक्की येतो म्हणू नका. आई मग दाराशी बसून राहते.” मागच्या खेपेचा रिकामा डबा त्याने घासूनपुसून आणला होता; तो माझ्या हाती दिला.

त्यांचा ट्रक आधी निघाला. थोड्या वेळाने घाटात आमच्या बसने त्याला गाठले. तो अगदी सावकाश उतरत होता. इंजिनाची घरघर डोंगरात घुमत होती. आमचा चालक भोंगा वाजवू लागला. शेजारचे गृहस्थ वैतागून म्हणाले, “काय हे ट्रकवाले! रस्ता अडवून बसतात.”

“अडवत नाहीत,” मी म्हणालो. “घाट उतरत आहेत.”