आमच्या वर्गातील चूळपन्थक

या स्मरणिकेत विद्यालयाच्या निकालांचा आलेख येईल, गुणवंतांची छायाचित्रे येतील, ती यावीतच. परंतु ज्याचे नाव त्या पानांवर कधी आले नाही, अशा एका विद्यार्थ्याचे ऋण आम्हां शिक्षकांवर आहे. ते मान्य करण्यासाठी हे चार शब्द.

तो पाचवीत आमच्याकडे दाखल झाला. फळ्यावरचे वहीत उतरवताना ओळीच्या ओळी गाळी. ‘सूर्य’ लिहिताना रफार कधी ‘सू’वर चढे, कधी मुळीच नसे. आम्ही त्याला आळशी ठरविले. चुकलेला शब्द पन्नास पन्नास वेळा लिहावयास लावला, प्रकट वाचनासाठी वर्गापुढे उभे केले. मुले हसली, त्या हसण्याला आम्ही आवर घातला नाही.

एका रात्री वीज गेली असता आम्ही दोघे-तिघे शिक्षक वसतिगृहात फेरीस निघालो. एका खोलीतून त्याचा आवाज येत होता. १९२७ चा महाडचा सत्याग्रह तो धाकट्या मुलांना सांगत होता. घटनांचा क्रम, ठिकाणे, माणसे, सारे अचूक. याच पाठावर त्याला आम्ही २० पैकी ३ गुण दिले होते. आम्ही दाराबाहेर थबकलो, तरी अर्थ उमगला नाही. ‘येते सगळे, लिहिण्याचा कंटाळा आहे,’ एवढेच आम्ही म्हणालो. आठवीच्या मध्यास वडील येऊन त्याला घेऊन गेले. पेटी उचलण्यापूर्वी त्याने आम्हां प्रत्येकास ‘जयभीम, सर’ म्हटले.

पुढे एका प्रशिक्षणवर्गात ‘अध्ययन अक्षमता’ या विषयाची ओळख झाली आणि तो डोळ्यांसमोर उभा राहिला. अशा मुलांची बुद्धी उणी नसते. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्याची वाट त्यांना बिकट जाते. आपली लिपीही ही वाट कधी कधी वळणाची करते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावयाची, पण उच्चारावयाची नंतर. रफाराचा उच्चार आधी, खूण मात्र पुढच्या अक्षराच्या माथ्यावर. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा वाचनाचा पर्याय दिला तेव्हा पुष्कळांनी थट्टा केली. आम्हांला ती करवली नाही.

त्यानंतर वर्गात काही गोष्टी बदलल्या. अशा मुलांना फळा उतरवून घेण्याऐवजी लिहिलेले टिपण देतो. प्रश्नपत्रिका वाचून दाखवितो, काही उत्तरे तोंडी घेतो. इतिहासात शुद्धलेखनाचे गुण कापत नाही. वर्गापुढे प्रकट वाचनाची सक्ती करीत नाही. संध्याकाळच्या अभ्यासिकेत वरच्या वर्गातील एखादा ताई-दादा शेजारी बसून धडा वाचून दाखवितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि त्याकरिता पालकांना मजुरी बुडवून रुग्णालयात खेटे घालावे लागतात. मात्र वर्गात टिपण देण्यास, प्रश्न वाचून दाखविण्यास कोणाच्याही शिक्क्याची गरज नाही, हे आम्हांला उशिरा कळले.

एकदा एका मुलीने विचारले, “सर, परीक्षा सगळ्यांना सारखी, मग त्यालाच वेळ जास्त का?” प्रश्न रास्त होता. समता हा शब्द ज्या विद्यालयात रोज उच्चारला जातो, तेथे तो विचारला गेलाच पाहिजे. आम्ही तिला भोजनगृहाची आठवण दिली. तापाने फणफणलेल्या मुलाला भाकरीऐवजी पेज देतात, तेव्हा पंगतीतील कोणी तक्रार करीत नाही. सर्वांचे पोट भरावे हा तेथील नियम आहे. सर्वांच्या ताटात एकच पदार्थ पडावा हा नव्हे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपन्थकाची कथा येते. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून थोरल्या भावानेच त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला पुन्हा गाथा घोकावयास लावली नाही. स्वच्छ वस्त्राचा एक तुकडा हाती दिला आणि तो चोळीत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, तसे त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. शिष्य तोच होता. शिकविण्याची रीत बदलली होती. ही कथा आम्ही वर्षानुवर्षे मुलांना सांगितली. तिच्यातील थोरला भाऊ आपणच आहोत, हे मात्र ध्यानी आले नाही.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता आज आमच्याकडे नाही. हे पान कोणी त्याला वाचून दाखविले, तर त्याला एवढेच सांगावयाचे आहे: बाळा, त्या रात्री तू सांगितलेला महाडचा पाठ पूर्ण बरोबर होता. ते ३ गुण तुझे नव्हते, आमचे होते.